दीडशहाणी

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळाच्या ताटावर एक खटला उभा राहिला. आरोपी मुलगी आमच्या नात्यागोत्यातली नव्हती, शेजारपाजारची नव्हती. इतकेच काय, ती या भूतलावर कधी जन्मालाच आलेली नव्हती. तिचे नाव हर्मायनी ग्रेंजर. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेच्या हॅरी पॉटरच्या सात भागांच्या जादूकथेतली ही नायिका.

धाकट्या नातवाने फिर्याद मांडली. "आजोबा, ती म्हणजे आमच्या वर्गाची मॉनिटरच! सदानकदा नियम, नियम आणि नियम. वर पुन्हा चहाडखोर." थोरल्या नातीने तत्काळ वकीलपत्र घेतले. "चहाडखोर म्हणे! ती नसती तर तुझा तो हॅरी पहिल्याच भागात खलास झाला असता." सूनबाईंनी शाळेत असताना ही पुस्तके वाचलेली. त्या चिवड्याचा डबा बंद करीत म्हणाल्या, "लहानपणी मला ती फार आवडायची. आता आई झाल्यावर तिची थोडी भीती वाटते." मग तिघांनीही माझ्याकडे पाहिले. आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाला न्यायाधीश करण्याची लोकांना खोडच असते. मी चकली मोडली आणि निकाल राखून ठेवला. कारण खरी गोष्ट अशी की, मी त्या पुस्तकांचे एक पानही वाचलेले नव्हते.

हिवाळाभर मी सातही भाग वाचून काढले. मग या मुलीविषयी इतरांनी काय काय लिहिले आहे, तेही मिळेल तेवढे चाळले. तेव्हा ध्यानात आले की, आमच्या ताटावरचे भांडण पाव शतकाहून जुने आहे आणि त्यालाही एक इतिहास आहे.

ज्यांच्या घरात हे वारे शिरलेले नाही, त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगतो. पहिला भाग लंडनच्या ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेने २६ जून १९९७ रोजी काढला. पुठ्ठाबांधणीच्या प्रती अवघ्या ५००. सातवा भाग २१ जुलै २००७ रोजी आला. २०१८ पर्यंत या मालिकेच्या ५० कोटी प्रती जगभर खपल्या होत्या. आपल्या मराठीतही पहिला भाग 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने आला. हॉगवर्ट्स नावाच्या जादूच्या निवासी शाळेत हॅरी, त्याचा मित्र रॉन आणि हर्मायनी अकराव्या वर्षी दाखल होतात, आणि दर वर्षाचा एक भाग असा हा संसार चालतो. हॅरी जादूगारांच्या पोटी जन्मलेला. रॉनचे तर सारे घराणेच जादूगारांचे. हर्मायनीचे आईबाप मात्र दातांचे डॉक्टर. जादूशी त्यांचा काडीचा संबंध नाही. हा तपशील वाचकांनी पदराला गाठ मारून ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

हर्मायनीचे पहिले दर्शन काही मोहक नाही. पुढे आलेले दात, पिंजारलेले केस आणि हुकूम सोडल्यासारखा आवाज. आगगाडीतच ती सांगून टाकते की, नेमलेली सगळी पुस्तके तिने पाठ केली आहेत. रात्री खोलीबाहेर पडणाऱ्या मुलांना ती अडवते. तीन डोक्यांच्या कुत्र्याच्या जबड्यातून सारे कसेबसे निसटतात, तेव्हाही तिला मरणापेक्षा शाळेतून नाव कमी होण्याची धास्ती अधिक! रोलिंगबाईंनी पुढे अनेकदा सांगितले की, अकरा वर्षांची आपली स्वतःचीच प्रतिमा थोडी फुगवून आपण ही मुलगी रंगवली. म्हणजे पहिली थट्टा लेखिकेने स्वतःचीच केली होती. वाचकांनी ती पुढे चालवली.

पण ही थट्टा इतक्या सहज का रुजली? त्याचे मूळ इंग्रजी शाळाकथांच्या परंपरेत आहे. टॉमस ह्यूजचे 'टॉम ब्राऊन्स स्कूलडेज' १८५७ साली आले. तेव्हापासून एनिड ब्लायटनच्या १९४६ ते १९५१ या काळातल्या 'मॅलरी टॉवर्स'च्या गोष्टींपर्यंत या निवासी शाळांत नियमांच्या दोन पोथ्या नांदत आल्या आहेत. एक मास्तरांची, फलकावर डकवलेली. दुसरी पोरांची, कुठेही न लिहिलेली. पहिली मोडली तर छडी मिळते. दुसरी मोडली तर कोणी बोलत नाही. आणि या दुसऱ्या पोथीतले महापातक एकच, ते म्हणजे मास्तरांकडे जाऊन सांगणे. अशा कथांवर वाढलेल्या इंग्रज वाचकाच्या नजरेला हर्मायनी पहिल्या भेटीतच गुन्हेगार ठरली. तिला पहिली पोथी मुखोद्गत होती आणि दुसरी आहे याचाच पत्ता नव्हता.

पहिल्या भागातच लेखिका तिची परीक्षा घेते. ऑक्टोबरच्या ३१ तारखेला, सणाच्या दिवशी, रॉन तिच्याविषयी टाकून बोलतो. हिला मित्र नाहीत यात नवल ते काय, अशा अर्थाचे. ती ऐकते आणि दिवसभर मुलींच्या न्हाणीघरात रडत बसते. तेवढ्यात बारा फूट उंचीचा एक राक्षस तिथे शिरतो. हॅरी आणि रॉन तिला वाचवतात. मॅकगॉनॅगलबाई जाब विचारायला येतात, आणि ही नियमांची पुतळी त्यांच्या तोंडावर धडधडीत खोटे बोलते: चूक माझी, मीच राक्षसाला शोधायला आले होते. तिचे पाच गुण जातात. मुलांना पाच-पाच मिळतात. मैत्री जमते ती इथे. दुसरी पोथी तिने एका संध्याकाळीत शिकून घेतली.

पुष्कळ वाचक इथे टाळी वाजवतात आणि म्हणतात, पोरगी सुधारली. मला मात्र तसे वाटले नाही. तिने पहिली पोथी टाकून दिलीच नव्हती. दुसऱ्या वर्षी ती मित्रांसाठी स्नेपमास्तरांच्या कपाटातून औषधी चोरते हे खरे. पण ८ जुलै १९९९ रोजी आलेल्या तिसऱ्या भागात वाचकांत उभी फूट पाडणारा प्रसंग येतो. हॅरीला नाताळात कोणीतरी निनावी भेट पाठवते. ती असते फायरबोल्ट, म्हणजे उडत्या झाडूंतला सर्वांत उंची झाडू. भेट कोणाची ते ठाऊक नाही आणि हॅरीच्या जिवावर उठलेला एक कैदी मोकाट सुटला आहे अशी साऱ्यांची समजूत. हर्मायनी कोणाला न विचारता बाईंना जाऊन सांगते. झाडू तपासणीसाठी जप्त होतो. दोघे मित्र कित्येक आठवडे तिच्याशी बोलत नाहीत.

झाडू शेवटी निर्दोष ठरतो. भेट पाठवणारा तोच कैदी असतो आणि तो हॅरीचा हितकर्ता निघतो. म्हणून माझा नातू म्हणतो, "बघा, ती चुकली!" पण ज्या क्षणी तिने सांगितले त्या क्षणी तिला जे ठाऊक होते, त्यावरून तिने दुसरे काय करायला हवे होते? मित्राचा जीव आणि मित्राची मर्जी यांत तिने जीव निवडला आणि मर्जी गमावली. घरोघरच्या आयांनी हा व्यवहार रोज केलेला असतो. तरीही नातवाच्या बोलण्यात एक खरा मुद्दा आहे. तिने आधी हॅरीशी बोलायला हवे होते. योग्य तेच करायचे, पण ज्याचे करायचे त्याला विचारायचे नाही, हा दोष तिच्यात इथे प्रथम उघड दिसतो.

जानेवारी २००० मध्ये क्रिस्टीन शोफर या लेखिकेने अमेरिकेत या कथांवर एक टीकालेख लिहिला आणि वाद मुलांच्या हातून मोठ्यांच्या हाती गेला. तिचा रोख हर्मायनीपेक्षा रोलिंगबाईंवर होता. पराक्रम सारे मुलगे आणि पुरुष करणार, हुशार मुलगी त्यांना मदत करणार आणि वर कटकटी म्हणून हिणवली जाणार, हा कसला न्याय, असा तिचा सवाल. २००२ साली अभ्यासकांच्या निबंधांचा एक संग्रह निघाला. त्यात एलायझा ड्रेसँग यांनी हर्मायनीवर सबंध निबंध लिहिला आणि नावापासून तिचा विचार केला. शेक्सपियरच्या 'द विंटर्स टेल' या नाटकातली हर्मायनी राणी. नवरा तिच्यावर खोटा आळ घेतो. ती सोळा वर्षे दृष्टिआड राहते आणि शेवटी पुतळा म्हणून उभी असता सजीव होते. आपली हर्मायनीही दुसऱ्या भागात पाषाणवत पडते, पण मुठीत पुस्तकाचा एक फाटका कागद घट्ट धरून. आणि त्या कागदावरूनच मुलांना राक्षसी सर्पाचा उलगडा होतो. पुढे २००५ साली सारा झेटेल यांनीही तिची बाजू मांडली. एकीच्या मते ती दुय्यम, दुसरीच्या मते तीच कथेचा कणा. आणि दोघींच्या हाती पुस्तके तीच!

आता चौथ्या भागाकडे वळू. हा भाग ८ जुलै २००० चा. शाळेत रोज चविष्ट जेवण येते, अंथरुणे घातली जातात; हे करते कोण? एल्फ नावाचे बुटके घरगडी. शंभराहून अधिक संख्येने राबतात. पगार नाही, रजा नाही. हे कळताच हर्मायनी ताटावरून उठते. तिने शाळेचा हजार पानांचा इतिहास पारायण केल्यासारखा वाचलेला. त्यात या गड्यांचा एका शब्दानेही उल्लेख नाही, याचा तिला संताप येतो. मला हे स्थळ साऱ्या मालिकेत श्रेष्ठ वाटते. पुस्तकावर आंधळा विश्वास ठेवणारी मुलगी इथे प्रथमच पुस्तकात काय लिहिलेले नाही ते वाचू लागते. इतिहास शिकवणाऱ्या आम्हां मास्तरांनीही हे स्थळ मुद्दाम वाचण्याजोगे आहे.

ती एक संस्था काढते, बिल्ले करते, वर्गणी ठरवते. सगळे हसतात. खुद्द एल्फांनाही ते नको असते. पाचव्या भागात तर ती लोकरीच्या टोप्या विणून दिवाणखान्यात लपवून ठेवते. मालकाने कपडा दिला की एल्फ मोकळा होतो, म्हणून नकळत उचलतील आणि मोकळे होतील, हा हिशेब. परिणाम असा की, अपमान झाला म्हणून एल्फ त्या खोल्या झाडायलाच येईनासे होतात. काही वाचक म्हणतात, गुलामगिरीविरुद्ध बोलणारी ती एकटीच होती. काही म्हणतात, ज्यांचा उद्धार करायचा त्यांनाच फसवणारा हा कसला उद्धार! दोन्ही खरे आहे. आपल्याकडच्या सुधारकांच्या चरित्रांतही असे प्रसंग शोधले तर सापडतील.

२१ जून २००३ रोजी पाचवा भाग आला आणि नियम या शब्दाचाच रंग बदलला. डोलोरेस अंब्रिज नावाची गुलाबी कपड्यांतली, गोड आवाजाची बाई सरकारकडून शाळेवर येते आणि रोज नवे फर्मान काढते. चोविसाव्या फर्मानाने तीन किंवा अधिक मुलांनी एकत्र जमून काही करणेच बंद! आणि या फर्मानांना आव्हान द्यायला सर्वांत आधी हात वर होतो तो हर्मायनीचा. अंब्रिजबाईंनी फळ्यावर लिहिलेली अभ्यासक्रमाची उद्दिष्टे ती वाचते आणि विचारते की, प्रत्यक्ष मंत्र वापरण्याविषयी यात काहीच कसे नाही? मुलांची चोरटी शिकवणी सुरू करण्याची कल्पनाही तिचीच. नियम पाठ असणारालाच नियमाचा खोटेपणा आधी दिसतो, हे लेखिकेने किती सहज दाखवले आहे!

पण त्याच शिकवणीच्या यादीवर ती गुपचूप एक मंत्र घालून ठेवते. मरिएटा एजकोम्ब ही मुलगी फितूर होते आणि तिच्या चेहऱ्यावर फोडांच्या अक्षरांत चहाडखोर हा शिक्का उमटतो. पुढच्या भागातही त्याच्या खुणा पुरत्या गेलेल्या नसतात. मरिएटाची आई सरकारी नोकरीत. पोरीवर घरचा दाब असेल. शिक्षा काय होईल हे कोणालाही आधी सांगितलेले नव्हते. ज्या पापासाठी मुलांनी हर्मायनीशी अबोला धरला होता, त्याच पापासाठी तिने दुसरीला आयुष्यभराचा डाग दिला. माझी नात इथे गप्प बसते. आणि सातव्या भागात हर्मायनी आईबापांच्या रक्षणासाठी त्यांच्या मनातून स्वतःची आठवणच पुसून त्यांना ऑस्ट्रेलियाला धाडते, तेव्हा सूनबाईंना भीती का वाटते तेही मला कळले. हेतू पुत्रधर्माचा, पण विचारले कोणी?

मध्यंतरी चित्रपट आले. २००१ ते २०११ या काळात आठ. एमा वॉटसन या नटीने ही भूमिका केली आणि हर्मायनी जगाची लाडकी झाली. परंतु लाडकी करताना तिचे कंगोरे तासले गेले. एल्फांची चळवळ चित्रपटांत नाहीच. तिसऱ्या कथेत मोडलेल्या पायाने उभा राहून, हॅरीला मारायचे तर आधी आम्हांला मारा, असे बजावतो तो रॉन. पडद्यावर ते बोलणे हर्मायनीच्या तोंडी गेले. पुस्तक वाचणारे आणि चित्र पाहणारे भांडतात, तेव्हा बहुधा ते दोन निराळ्या मुलींविषयी बोलत असतात. २०१६ साली लंडनच्या रंगभूमीवर नाटक आले. त्यात हर्मायनी जादूगारांच्या सरकारची प्रमुख मंत्री झाली आहे, आणि ती भूमिका नोमा डुमेझ्वेनी या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली. त्यावरूनही काहूर उठले. रोलिंगबाईंनी अभिनेत्रीची बाजू घेतली.

हे सारे वाचताना मला एक घरचा वाद आठवत होता. इरावतीबाई कर्वे यांचे 'युगान्त' १९६७ साली प्रसिद्ध झाले. त्यात बाईंनी द्रौपदीला एका गोष्टीबद्दल दोष दिला आहे. आधी स्वतःला हरलेला पुरुष बायकोला पणाला लावू शकतो काय, हा द्रौपदीचा सभेतला प्रश्न कायद्याचा. तशा भयंकर वेळी पंडिता होऊन कायद्याचा कीस काढण्याऐवजी तिने माणुसकीच्या नावाने टाहो फोडायला हवा होता, असे बाईंचे म्हणणे. आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावरून दोन तट पडले होते. मी तेव्हा इरावतीबाईंच्या बाजूने हिरिरीने बोललो होतो. आज वाटते की, ज्या सभेत आपले म्हणावे असे कोणी उरलेले नाही, तिथे दयेची याचना कोणापुढे करायची? अशा जागी नियमाचे बोट धरण्यावाचून दुसरे काय असते?

आता ती पदराची गाठ सोडतो. हर्मायनीच्या घरी जादू नव्हती. रॉनला जादूच्या जगाच्या चालीरीती आईच्या दुधाबरोबर मिळाल्या. तो निष्काळजी राहू शकतो, कारण ते घर त्याचेच आहे. हिला त्या जगाचा दरवाजा एका पत्राने उघडला आणि पुस्तकांनी दाखवला. तिथे तिला अशुद्ध रक्ताची म्हणून शिवी देणारे आहेत. मग ती पुस्तके पाठ करणार नाही तर काय करील? नाव कमी होणे म्हणजे रॉनला घरी परत जाणे; तिला ते त्या जगातून कायमचे हद्दपार होणे. ते मरणाहून वाईट वाटले तर हसण्यासारखे काय आहे? न लिहिलेले नियम घरच्यांच्या कामाचे. परक्याला तगवून धरतो तो लिहिलेला नियम.

हे मला पुस्तकाने शिकवले असे म्हटले तर ते अर्धसत्य होईल. तिसऱ्या भागात स्नेपमास्तर भरवर्गात हर्मायनीला असह्य दीडशहाणी अशा अर्थाचे काहीतरी म्हणतात. ती खाली मान घालते. डोळे भरून येतात. ते पान वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ गॅलरीत जाऊन बसलो.

माझ्या वर्गातही अशी एक मुलगी होती. गावाबाहेरच्या वस्तीतून चालत येई. तिच्या आधी त्या घरातून शाळेत कोणी आलेले नव्हते. एकदा तिच्या धाकट्या भावाचा नादारीचा अर्ज एक दिवस उशिरा आला म्हणून परत गेला. त्याच आठवड्यात गावातल्या एका बड्या घरच्या मुलाचे सहलीचे पैसे मी मुदत टळल्यावर घेतले. ती उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, फलकावर तर शनिवारपर्यंतच लिहिलं होतं." आवाजात राग नव्हता, बेरीज चुकली हे दाखवावे तसे तिने दाखवले. मी हसून म्हणालो, "बस खाली, दीडशहाणी!" वर्ग खो-खो हसला. ते नाव तिला चिकटले. त्यानंतर वर्षभर तिने माझ्या तासाला हात वर केला नाही. मला तेव्हा ते कळलेही नाही. वर्गात शांतता आहे याचेच समाधान वाटले.

यंदाच्या दिवाळीला राखून ठेवलेला निकाल द्यायचा आहे. नातवाला सांगणार आहे की, ती चुकते तेव्हा विचारायचे विसरून चुकते. तेवढा दोष तिच्या पदरी बांध, पण नियमाच्या प्रेमाबद्दल तिला हसू नकोस. नातीला सांगणार आहे की, मरिएटाचे पान पुन्हा वाच आणि गप्प न बसता त्यावर बोल. सूनबाईंना सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. त्यांना माझ्या आधीच कळले होते.

आणि मुलांनी विचारलेच की, "आजोबा, तुमची हर्मायनी कोण?" तर वस्तीवरून चालत येणाऱ्या त्या मुलीची गोष्ट सांगेन. फलकावर शनिवारच लिहिलेला होता, हेही सांगेन.